ज्यांनी स्लिमला काढायचं ठरवलं, त्यांचीच नोकरी गेली

कासवछाप

पावसाने चार दिवस घरात डांबलं, तेव्हा फील्ड मार्शल विल्यम स्लिमचं ब्रह्मदेशच्या मोहिमेवरचं १९५६ सालचं जाडजूड पुस्तक एकदाचं संपवलं. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, तो आता तुमच्या डोक्यात सोडतो.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती म्हटलं की आपल्याला माँटगोमेरी आठवतो. टोपी, वाळवंट, रोमेल. स्लिमच्या हाताखालचं चौदावं सैन्य जवळपास दहा लाखांचं होतं आणि त्यातले बहुसंख्य हिंदी, म्हणजे आपल्याच गावांतली माणसं. पण मराठीत त्याच्याबद्दल शोधायला जावं तर हाताला फारसं लागत नाही.

कुंडली थोडक्यात देतो. जन्म १८९१, ब्रिस्टल. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा बसला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. पोराला लष्कराची हौस, पण सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीचा खर्च झेपणारा नव्हता. गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी केली, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. विद्यापीठाचा विद्यार्थी नसताना तिथल्या छात्रसेनेत मात्र शिरकाव करून घेतला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि कारकुनाचा सेकंड लेफ्टनंट झाला. १९१५ ला गॅलिपोलीत जबर जखमी, पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी, मिलिटरी क्रॉस. गॅलिपोलीत शेजारी लढणारे गुरखे मनात बसले होते, म्हणून भारतीय सैन्यात बदली घेऊन सहाव्या गुरखा रायफल्समध्ये गेला. शिवाय ब्रिटिश पलटणीत घरचा पैसा नसेल तर अधिकाऱ्याची ओढाताण व्हायची, भारतीय सैन्यात पगारात भागायचं. म्हणजे कारण तुमच्याआमच्यासारखंच.

आता शीर्षकाचं. १९४३ मध्ये ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरची आराकानची मोहीम फसल्यावर स्लिमचा वरिष्ठ जनरल अर्विन याने खापर स्लिमवर फोडायची तयारी केली होती. झालं भलतंच. स्लिमला निरोप आला, 'तुला नाही, मलाच काढलंय.' दुसरी वेळ मे १९४५ ची. ३ मे रोजी रंगून हाती आलं आणि ७ मे रोजी वरिष्ठ जनरल लीस विमानाने आला नि म्हणाला, चौदावं सैन्य आता दुसऱ्याकडे द्या, तुम्ही ब्रह्मदेशात मागे राहा. स्लिम म्हणाला, त्यापेक्षा मी निवृत्त होतो. खाली अधिकाऱ्यांत खळबळ, वर लंडनमध्ये संताप. काही आठवड्यांत लीस घरी, आणि त्याच्या खुर्चीत स्लिम.

तर प्रश्न दोन. स्लिम खरंच थोर होता की नशिबाचा धनी? आणि तुमच्या घरातलं कोणी चौदाव्या सैन्यात होतं का?

उंटावरचा_शहाणा

आमच्या कंपनीत हे उलटं चालतं. ज्याला काढायचं ठरतं तोच जातो, आणि काढणाऱ्याला बढती मिळते.

खारीबिस्कीट

जागा पकडून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो, तागाच्या पॅराशूटबद्दल कोणी लिहू नये, ते माझं आहे.

थेम्सकाठी

लंडनला व्हाइटहॉलमध्ये संरक्षण मंत्रालयासमोर त्याचा पुतळा आहे, १९९० चा. जवळच माँटी (माँटगोमेरी) आणि त्या युद्धातला सरसेनापती अॅलनब्रुक. स्लिमच्या डोक्यावर ती रुंद काठाची टोपी आहे, त्यामुळे लगेच ओळखू येतो. मी सात वर्षं त्याच्यासमोरून ऑफिसला जातेय. माँटीसमोर फोटो काढणारे दिसतात, स्लिमसमोर क्वचित.

पण तो इथे अगदीच विस्मृतीत आहे असं नाही. २०१३ साली नॅशनल आर्मी म्युझियमने 'ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती' यावर मतदान घेतलं, त्यात स्लिमची १९४४ ची इम्फाळ-कोहिमा पहिली आली. वॉटर्लू मागे पडली. माझा इंग्रज सहकारी दोन दिवस गप्प होता.

लेफ्टराइट

कासवछाप, अर्विनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मूळ आहे १९४० मध्ये, सुदानच्या सीमेवर. स्लिम तेव्हा १०व्या इंडियन ब्रिगेडचा ब्रिगेडियर. नोव्हेंबरमध्ये इटालियनांकडून गलाबात घेतलं, पण पुढचं मेटेम्मा जमेना. विमानहल्ल्यांत एसेक्सच्या गोऱ्या बटालियनमध्ये पळापळ झाली. स्लिमने माघार घेतली आणि त्या बटालियनच्या सीओला, म्हणजे प्रमुखाला, घरी बसवलं. आता गंमत बघा, अर्विन मूळचा त्याच एसेक्स रेजिमेंटचा, आणि काढलेला सीओ त्याचा दोस्त.

पुढे मे १९४२. ब्रह्मदेशातून माघार घेत, मलेरिया-आमांशाने पिंजलेली माणसं घेऊन स्लिम इम्फाळला पोचतो, तिथे अर्विन स्वागताला, म्हणजे पाणउतारा करायला. स्लिम म्हणाला, इतक्या उद्धटपणे बोलावं ही अपेक्षा नव्हती. त्यावर अर्विन म्हणाला, मी उद्धट असूच शकत नाही, मी वरिष्ठ आहे.

बावीस वर्षं फौजेत काढली. हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. :)

उंटावरचा_शहाणा

@लेफ्टराइट, 'मी वरिष्ठ आहे' हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारावर पितळी पाटीवर कोरून लावायला हवं.

मुळाक्षर

युद्धातलं मला कळत नाही, पण या माणसाचा एक धागा साहित्याशी जुळतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पगार पुरेना म्हणून तो मासिकांना कथा आणि लेख विकायचा, 'अँथनी मिल्स' या नावाने. स्लिमची रोमन अक्षरं उलटी वाचा, जवळपास मिल्स होतं. म्हणून त्याचं लिखाण इतर जनरलांसारखं 'सकाळी साडेसहाला तोफखान्याने' छापाचं नाही. माणसाला गोष्ट सांगता येते, आणि मुख्य म्हणजे स्वतःवर हसता येतं. आपल्याकडची निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं आठवा. चारशे पानांत एकही चूक झालेली नसते.

कासवछाप

@मुळाक्षर, अगदी! गलाबातबद्दल तो नंतर स्वतःच कबुली देतो की दोन वाटा समोर होत्या आणि मी धाडसाची निवडली नाही, भीतीचा सल्ला ऐकला. पुढे ब्रह्मदेशात हा माणूस धाडसी वाट धरतो ना, त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. आपली चूक लोकांसमोर मांडण्याआधी त्याने ती स्वतःशी मान्य केली होती.

रानवारा

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतो. हा स्लिम इम्फाळला कोणाशी लढत होता? जपान्यांशी, हो. आणि त्यांच्यासोबत आझाद हिंद सेनेशीही. १४ एप्रिल १९४४ ला मणिपुरात मोइरांगला तिरंगा फडकला तेव्हा हे साहेब समोरच्या बाजूला होते. त्याच्या पुस्तकात आझाद हिंद सेनेबद्दल जे तुच्छतेने लिहिलंय ते वाचलंत की पान उलटलंत? ऑगस्ट १९४२ मध्ये त्याचं १५वं कोअर (काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) बंगालात होतं तेव्हा 'भारत छोडो'च्या बंदोबस्ताचं कामही त्याच्याकडे होतं. आपल्या लोकांच्या जीवावर फील्ड मार्शल झाला आणि आपण त्याची आरती ओवाळायची?

खारीबिस्कीट

आरती कोण ओवाळतंय? सेनापती म्हणून कसा होता एवढंच बोलतोय.

रानवारा

'सेनापती म्हणून' वेगळं काढता येत नाही, हेच तर म्हणतोय.

दमयंती

तुमचं भांडण चालू द्या, मी डॉक्टर म्हणून लिहिते. मला स्लिम आठवतो तो डासांमुळे.

१९४३ मध्ये त्या आघाडीवर लढाईत जखमी होऊन मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. वर्षभराचं मलेरियाचं प्रमाण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के. म्हणजे जपान्यांनी गोळी न झाडताही सैन्य संपलं असतं. तापाचा रोगी शेकडो मैल मागे भारतात जायचा आणि परत यायला सरासरी पाच महिने लागायचे. स्लिमच्या लोकांनी आघाडीच्या जरा मागे तंबू ठोकून उपचार केंद्रं काढली, चोवीस तासांत उपचार सुरू, तीनेक आठवड्यांत माणूस पलटणीत परत.

आणि मेपाक्रिनची, म्हणजे मलेरिया रोखणारी, पिवळी गोळी. ती घेतली की कातडी पिवळी पडायची, आणि पुरुषत्व जातं अशी अफवा, म्हणून पोरं गोळी गुपचूप टाकून द्यायची. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. अख्ख्या युनिटचं रक्त तपासायचं, ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांत औषध सापडलं तर सीओ घरी. तिघांना काढावं लागलं. चौथ्याची वेळ आली नाही.

सार्वजनिक आरोग्यात वीस वर्षं आहे. गोळी वाटणं सोपं असतं हो, ती गिळली का हे बघणारं कोणी नसतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे शीर्षकात दुरुस्ती हवी. स्लिमला काढणारे दोघे गेले, स्लिमने काढलेले तिघेही गेले.

लेफ्टराइट

चार. एसेक्सवाला विसरलात.

तांबडापांढरा

दमयंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. पिवळी गोळी!

माझे पणजोबा (आईचे आजोबा) चौथ्या-पाचव्या मराठात होते. गाव गडहिंग्लज तालुक्यात. आई सांगायची, तात्या म्हणायचे की संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं करायचे, सुभेदार समोर, गोळी तोंडात, वर पाणी, मग 'आ' करून दाखवायचं. आणि घरी आले तेव्हा म्हातारीने काविळीचं औषध सुरू केलं होतं. आम्हाला वाटायचं तात्या काहीतरी रचून सांगतात. ते खरं होतं तर.

कासवछाप

@तांबडापांढरा, थांबा थांबा. चौथी-पाचवी मराठा म्हणजे सांगशाक?

तांबडापांढरा

नाव माहीत नाही हो. 'डोंगरावर पाणी नव्हतं' एवढंच आई सांगते. तात्या १९८६ ला गेले.

लेफ्टराइट

तेच सांगशाक. पाणी नव्हतं म्हणजे तेच. बसा, सांगतो.

मार्च १९४४. जपानी १५वं सैन्य सेनापती मुतागुचीच्या हुकुमाने चिंदविन नदी ओलांडून इम्फाळ-कोहिमाकडे निघालं. उखरूलच्या बाजूला आपली ५०वी पॅराशूट ब्रिगेड होती, जोडीला ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री. २२ ते २६ मार्च हे लोक सांगशाकच्या टेकडीवर घेरले गेले. काटेरी तार नाही, खडकामुळे खंदक खोल जात नाहीत, आणि पाण्याचा तुटवडा. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या हाती पडायचं. रोज रात्री हल्ले, हातघाई. २६ च्या रात्री जे चालू शकत होते ते जंगलातून निसटले.

या चार-पाच दिवसांनी काय साधलं? इम्फाळ आणि कोहिमा दोन्हीकडे कुमक पोचायला वेळ मिळाला. शिवाय मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशे सापडले, त्यांत कोहिमावर अख्खी ३१वी डिव्हिजन चाललीय हे स्पष्ट होतं. ते नकाशे वेढ्यातून इम्फाळला पोचवले गेले, पण त्यांचं चीज झालं नाही. स्लिम तेव्हा धरून चालला होता की कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट येईल. ही त्याची सगळ्यात मोठी चूक, आणि तीही त्याने पुस्तकात मान्य केलीय.

पण कासवछाप, तुमच्या स्लिमवर माझा राग इथेच आहे. त्या पुस्तकात सांगशाकला जेमतेम जागा आहे. चूक कबूल केली, पण ती निस्तरली कोणी, त्यांना चार ओळी.

कासवछाप

हे मला खटकलं नव्हतं. खरंय. परत जाऊन ती पानं वाचली. जेमतेमच आहे.

रानवारा

@लेफ्टराइट, हेच मी वेगळ्या शब्दांत म्हणत होतो.

लेफ्टराइट

नाही, तुम्ही वेगळं म्हणत होता. तुम्ही म्हणताय की ते चुकीच्या बाजूने लढले. मी म्हणतोय की लढले ते लिहून ठेवायला हवं होतं. सातारा जिल्ह्याचं बघा. १९४३ पासून तिथे नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि त्याच जिल्ह्यातली पोरं मराठा पलटणीत बर्म्यात होती. एकाच भावकीत एक जण भूमिगत आणि एक जण वर्दीत. कोणाला देशद्रोही म्हणणार? आझाद हिंद सेनेलाही माझा सलाम आहे. एप्रिल १९४५ मध्ये जपानी रंगून सोडून गेले, नेताजीही बाहेर पडले, तेव्हा शहरात लुटालूट होऊ नये म्हणून मेजर जनरल लोगनाथन यांच्या हाताखाली आझाद हिंदचेच जवान थांबले होते. ब्रिटिश आले तेव्हा शहर सांभाळलेलं मिळालं. हेही स्लिमने मनमोकळं लिहायला हरकत नव्हती.

रानवारा

भावकीचा मुद्दा मान्य. स्लिमबद्दलचं मत कायम.

बेळगावी_कुंदा

मंडळी, आमच्या गावाला विसरू नका. १९३९ मध्ये स्लिम बेळगावला होता, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेचा प्रमुख म्हणून. वय ४७-४८, बढत्या रखडलेल्या. तिथून युद्धावर गेला तो दहा वर्षांत फील्ड मार्शल. आता यात बेळगावच्या हवेचा वाटा किती, कुंद्याचा किती, यावर संशोधन व्हावं.

उंटावरचा_शहाणा

बेळगाव कुणाचं हे आधी ठरवा, मग वाटा ठरवू.

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. सतरा पानांचा. तिकडे जा.

बेळगावी_कुंदा

कुंद्यासाठी पण आहे का?

खारीबिस्कीट

आलो. आता तागाचं.

मी पुरवठा साखळीत काम करतो, म्हणून मला युद्धातलं धाडसबिडस कमी आणि 'माल कसा पोचला' हे जास्त दिसतं. चौदाव्या सैन्याची आघाडी सातशे मैलांची, रस्ते नाहीत, आणि लंडनच्या यादीत नंबर सगळ्यात शेवटी. आधी युरोप, मग उरलंसुरलं यांना.

विमानातून रसद टाकायची तर पॅराशूट हवीत, रेशमी मिळेनात. स्लिम आणि त्याचा पुरवठा पाहणारा मेजर जनरल स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ताग गिरणीवाल्यांना गाठलं. महिनाभरात तागाचं पॅराशूट तयार. रेशमीची किंमत वीस पौंडांच्या वर, यांचं एक पौंडाच्या आसपास. रेशमाइतकं भरवशाचं नाही, पण पीठ-डाळ टाकायला पंच्याऐंशी टक्के चालतंय म्हणजे पुष्कळ झालं. वरून लंडनहून ठपका की परवानगीशिवाय परस्पर व्यवहार का केलात!

याच तागाच्या पट्ट्या डांबरात बुडवून रस्त्यावर अंथरल्या. इम्फाळजवळ बदकं पाळली. लाकूड ओढायला आणि पूल बांधायला हत्ती. डिसेंबर १९४४ मध्ये कालेवाला चिंदविनवर ११५४ फुटांचा बेली पूल (तयार सुटे भाग जोडून उभारायचा) टाकला, तेव्हाचा जगातला सर्वांत लांब. आणि पुढच्या तुकडीला अर्धा शिधा झाला की स्लिमच्या मुख्यालयातही अर्धाच. साहेबाच्या पोटात कावळे ओरडले की पुरवठा खात्याचे फोन कसे भराभर फिरतात हे मी स्वतः अनुभवलंय, आमच्या इथे फक्त कँटीनचा एसी बंद पडतो तेव्हा.

सोमनाथ_

सगळे भारावलात, म्हणून जरा गार पाणी.

१) मुतागुचीचे लोक तीन आठवड्यांची शिदोरी घेऊन डोंगर चढले, भिस्त सगळी इंग्रजांची कोठारं लुटण्यावर. कोठारं मिळाली नाहीत, माणसं उपाशी मेली. निम्म्याहून जास्त सैन्य गारद झालं त्यात भूक आणि रोग यांचा वाटा मोठा. यात स्लिमचं कर्तृत्व किती?

२) डकोटा विमानं. मोठ्या प्रमाणावर अमेरिकन. आकाश मोकळं नसतं तर इम्फाळ पडलं असतं.

३) कोहिमा वाचलं ते पहिल्या पंधरवड्यात मूठभर लोकांनी तग धरला म्हणून, मुख्यालयातल्या योजनेमुळे नव्हे.

नशीबवान होता. वाईट नव्हता, पण नशीबवान.

कासवछाप

@सोमनाथ_, भूक आपोआप नाही लागली त्यांना. फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात जपान्यांनी नेहमीचा डाव टाकला, मागून येऊन वेढायचं. आजवर वेढा पडला की इंग्रज सैन्य मागे पळायचं. या वेळी हुकूम होता की जागा सोडायची नाही, खाणंपिणं वरून येईल. सातव्या डिव्हिजनचं सामानसुमान होतं त्या जागेवर कारकून, आचारी, खेचरवाले सगळे बंदुका घेऊन लढले, आणि वेढणाऱ्यांचीच शिदोरी संपली. मग मार्चमध्ये अख्खी पाचवी डिव्हिजन, तोफा आणि खेचरांसकट, आराकानातून विमानाने इम्फाळ आणि दिमापूरला आणली. विमानं अमेरिकन असतील, पण त्यांत खेचर चढवायचं डोकं कुणाचं?

आणि इम्फाळ सोडा, मेक्टिला घ्या. १९४५. जपानी इरावतीच्या पलीकडे मंडाले राखून बसलेत. स्लिम एक कोअर मंडालेसमोर दणदणीत आवाज करत ठेवतो, दुसरं गुपचूप पश्चिमेच्या खोऱ्यातून शेकडो मैल दक्षिणेला नेतो. जुन्या जागी खोटं मुख्यालय, खोटे बिनतारी संदेश, म्हणजे जपान्यांना वाटावं चौथं कोअर तिथेच आहे. फेब्रुवारीत न्याऊंगूला नदी ओलांडली, ३ मार्चला मेक्टिला हातात. सगळ्या जपानी रसदीचं नाकच तिथे होतं. मंडाले २० मार्चला पडलं. हे नशीब?

सोमनाथ_

मेक्टिला देतो तुम्हाला. इम्फाळवर ठाम आहे.

लेफ्टराइट

सोमनाथजींचा तिसरा मुद्दा बरोबर आहे. पण एक तुलना करा. मुतागुचीच्या तीन डिव्हिजन कमांडरांनी त्याला सांगितलं की हे जमत नाही. त्याने त्या लढाईतच तिघांनाही काढलं. कोहिमाचा सातो तर हुकुमाविना माघारी निघाला, माणसं उपाशी मारण्यापेक्षा बरं म्हणून. समोर स्लिम, आपला अंदाज चुकला म्हणणारा. हाताखालच्याने वाईट बातमी आणली तर साहेब काय करतो, यावर फौज चालते.

मुळाक्षर

शीर्षकात आता बरीच मंडळी झाली काढलेली.

थेम्सकाठी

'काढण्या'चा अजून एक किस्सा राहिला. १९४८ मध्ये स्लिम फौजेतून निवृत्त होऊन इथल्या रेल्वेच्या कार्यकारी मंडळावर होता. सरसेनापतीचं पद माँटगोमेरी सोडणार होता आणि त्याला आपल्या मर्जीतला जनरल क्रॉकर हवा होता. पंतप्रधान अॅटलींनी स्लिमचं नाव काढलं. माँटी म्हणाला, पण मी क्रॉकरला सांगून बसलोय. अॅटली म्हणाले, मग त्याला 'न-सांगून' या. तिथून परत बोलावलेला स्लिम भारतीय सैन्यातून त्या पदावर पोचलेला पहिला माणूस. पुढे १९५३ पासून ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल. गेला १९७० मध्ये.

उंटावरचा_शहाणा

'न-सांगून या'! आजपासून माझं बायकोशी बोलणं याच शब्दात. 'पाहुण्यांना जेवायला बोलावलंस? न-बोलावून ये.'

दमयंती

आणि तुम्ही न-जेवून झोपा.

कासवछाप

@तांबडापांढरा, एक विचारायचं राहिलं. पुस्तकांत सगळीकडे येतं की सैनिक त्याला 'अंकल बिल' म्हणायचे, तो गुरखाली-उर्दूत जवानांशी बोलायचा, जीपच्या टपावर चढून गप्पा मारायचा. तुमचे तात्या त्याच्याबद्दल काही सांगायचे का?

तांबडापांढरा

काल आईला फोन करून हेच विचारलं. ती म्हणाली, 'कोण स्लिम?' तात्यांच्या तोंडून तिने असं नाव कधीच ऐकलेलं नाही. त्यांच्या गोष्टीत सुभेदार असायचे, एक गोरा कॅप्टन असायचा ज्याला मराठी शिव्या यायच्या, आणि दाजिबा नावाचा जोडीदार, जो त्या डोंगरावर राहिला. लाट साहेब वगैरे कोणी नाही.

'अंकल बिल' गोऱ्यांचा असेल कदाचित. आमच्या तात्यांचा जगातला सगळ्यात मोठा अधिकारी सुभेदारच.

आईने एक सांगितलं मात्र. घरात कुणी तांब्यात पाणी उष्टं ठेवलं की तात्या चिडायचे. ओतू द्यायचे नाहीत, स्वतः उचलून पिऊन टाकायचे. आम्ही त्याला विक्षिप्तपणा समजायचो.

रानवारा

दाजिबाचं आडनाव कळलं तर लिहा.

लेफ्टराइट

तांबडापांढरा, तात्यांचा पलटण नंबर कुठे मिळेल का? डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, पदकांची डबी, काहीही. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे. नंबर, नाव, गाव घालून अर्ज करा. जोडीदाराचंही विचारून ठेवा, गाव एकच असेल तर सोपं जाईल.

तांबडापांढरा

आई म्हणते माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, मामाकडे. किल्ली हरवलीय. दसऱ्याला गावी जातोय.

बेळगावी_कुंदा

अर्ज घेऊन बेळगावला याल तेव्हा सांगा, ऑफिसला मी सोबत येतो. कुंदा माझ्याकडून.

तांबडापांढरा

धागा वर काढतोय. कुलूप तोडलं. पेन्शनचं पुस्तक अर्धं वाळवीने खाल्लंय, पण नंबर शाबूत आहे. एक पितळी तारा आहे, फीत निळी-लाल-नारिंगी. आणि एका कागदाच्या पुडीत तीन गोळ्या. पिवळ्या होत्या बहुतेक, आता मातकट दिसतात.

दमयंतीताई, म्हणजे तात्यांनीही गिळल्या नव्हत्या तर सगळ्या.

दमयंती

:) हात लावू नका, आणि पुडी टाकूनही देऊ नका. फोटो टाका.